सहा फूट आणि थोडी माया

घडी घातलेला झगा स्टुलावर ठेवून टेलर मास्तरांनी ते काठीने खडूच्या रेषेपर्यंत ढकललं आणि मागे आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मग त्यांची मुलगी पुढे झाली. दीड महिना बापलेकीची देवघेव अशीच चालली होती.

प्रोस्टेटच्या गाठीत किरणोत्सर्गी दाणे बसवून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की दोन महिने गरोदर बाईने जवळ बसायचं नाही, सहा फूट लांब. मास्तरांनी तेव्हा नुसती मान हलवली. वर केमोही घ्यायचा म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला. आत एवढं रुतवलंय ते पुरे, सलाईनचा सासुरवास नको. मुलीने मग आपल्याला तिसरा महिना असल्याचं सांगितलं. मास्तर उठले, टेपने सहा फूट मोजले, शिवणीत सोडतात तशी वर वीतभर माया सोडली आणि शिवणाच्या खडूने फरशीवर रेष ओढली. दुसऱ्या दिवशी आपणहून केमोची तारीख घेऊन आले.

हॉस्पिटलात त्यांच्यासोबत शेजारचा न्हावी जाई. केस गेले तेव्हा मास्तर त्याला म्हणाले होते, "माझ्याकडे आता तुझं काही काम उरलं नाही. निदान सोबत तरी चल."

अठरा दिवसांपूर्वी तिचं पोटातलं बाळ गेलं. केमोच्या तीन खेपा बाकी होत्या. तिने त्यांना सांगितलं नाही. रोज संध्याकाळी येऊन ती रेषेपलीकडे, पर्स पोटाशी धरून बसत राहिली. जेवलात का, तोंड आलंय का, एवढंच विचारायची. मधली फरशी ओलांडायची नव्हती, कारण ओलांडली तर बोलावं लागलं असतं.

"घालून बघ," मास्तर म्हणाले.

मागच्या महिन्यात त्यांनीच कडेची शिवण उसवून तो झगा सैल करून दिला होता. खांद्याचं काहीतरी राहिलंय म्हणून परवा परत मागून घेतला होता. तिने आतल्या खोलीत जाऊन तो घातला. कमरेला नेमका बसला. तिने बाजू चाचपली. उसवलेली शिवण पुन्हा घातली होती, जुन्या मापावर. टाके हातचे होते, आणि वाकडे. इतके वाकडे टाके तिने त्यांच्या हातून कधी पाहिले नव्हते.

बराच वेळ ती कॉटवर बसून राहिली. मग बाहेर आली. पर्स आतच राहिली होती.

मास्तर खिडकीच्या उजेडात सुई धरून बसले होते. दोऱ्याचं टोक सुईच्या बाजूने पुन्हा पुन्हा निसटत होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सुई आणि दोरा तेवढा पुढे केला.

"ओवून दे. केमोने बोटं बधिर झालीत."

स्टूल तिच्या बाजूलाच राहिलं होतं. ती क्षणभर रेषेपाशी थांबली, मग पलीकडे गेली आणि त्यांच्या खुर्चीशी खाली बसली. दोरा ओवायला तिलाही तीनदा प्रयत्न करावा लागला. तोवर त्यांचा हात तिच्या डोक्यावर होता. जड, आणि किती दाबतोय ते न कळणारा.

"सोमवारी सलाईन आहे," ते म्हणाले. "न्हाव्याला येऊ नको म्हणून सांगितलंय."