खाऱ्यातला राता

चूक भामाच्याच तोंडून झाली, असं पुढे सगळा गाव म्हणाला. पनवेलच्या खाडीकाठी, बांधाच्या आत तिचं भातशेत. ऐन वैशाखात माती तपासायला परचुरे साहेब आले, तेव्हा मीठ वर येऊन जमीन पांढरी फटक पडली होती.

"मावशी, मीठ आहे का हो जमिनीत?"

"हाय म्हंजे? भरपूर हाय!" भामा तोऱ्यात म्हणाली. खाऱ्यातल्या तांबड्या रात्याच्या भाताची चव गोड्या शेतातल्या भाताला नाही, हा तिचा जन्माचा अभिमान. जमिनीचं कौतुक करायचं तर ती मिठाचंच करायची.

सरकारला कारखान्यासाठी जमीन हवी होती, पण नापीकच घ्यायची असं ठरलेलं. गावातलाच कमळाकर आता पुढारी झाला होता. चावडीवर परचुऱ्यांचा अहवाल त्यानंच वाचला. "माती अतिशय खारट. उन्हाळ्यात कोणतेही पीक येणार नाही." एवढं वाचून त्यानं कागदाची घडी घातली. "म्हणजे नापीक."

"उन्हाळ्यात भात कोण लावतंय रं?" भामा उठली. "पावसानं मीठ धुऊन जातं, ते वाच की!"

"तूच बोललीस ना सायबांना, मीठ भरपूर हाय? आता आळणी झाली वाटतं जमीन, भामे?"

लोक हसले. भामा परचुऱ्यांकडे वळली. "तुमी काय लिवलंत, सायेब?"

"पावसाळ्यात भाताला उत्तम, असंही लिहिलंय," ते पुटपुटले.

"मग मोठ्यानं बोला! जीभ घरी ठेवून आलात काय?"

परचुऱ्यांनी कमळाकरकडे पाहिलं. "माझं काम तपासण्यापुरतं. निर्णय सरकारचा."

"माती तपासाया आलात नि मातीच खाल्लीत!"

श्रावण सरल्यावर मोजणीवाले आले. राता कमरेएवढा उभा होता, दाणा दुधात आलेला. उभ्या पिकातून मोजणीची साखळी सरळ पडेना, म्हणून गड्यांनी कोयते काढले.

"नापीक जमिनीत कापताय काय रं?" भामा आडवी आली.

बांधावर छत्रीखाली उभा कमळाकर म्हणाला, "गवत गं. सरकारी कागदावर इथं भात नाय."

"तुझी आय हेच गवत माझ्याकडनं न्यायची, तुला भरवाया!"

त्याचं हसू मावळलं. "बघताय काय? कापा!"

दोघांनी भामाला दंडाला धरून बांधावर नेऊन बसवलं. तिच्या डोळ्यांदेखत राता आडवा पडत गेला, आणि त्यावरून साखळी पुढे सरकली.