धूर गिळणारी शिळा

बरणीतला धूर इतका दाट झाला की पलीकडचं काही दिसेना. निर्मळगुरूंनी टेबलावरच्या काळ्या लाकडी चौथऱ्याचं पितळी कडं हलकेच फिरवलं, डोळे मिटले आणि घुमत्या आवाजात म्हणाले, "शिळे, जागी हो!"

चौथऱ्यावर मुठीएवढा करडा दगड होता, शेजारी धुमसता कागद आणि त्यांवर घागरीएवढी काचेची बरणी उपडी घातली होती. बघता बघता धूर विरला, बरणी लख्ख झाली. इमारतीच्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट!

"कार्बन म्हणजे काय?" गुरू गरजले. "माणसाच्या वाईट विचारांना धरलेली काजळी! पालिका म्हणते बॉयलर बदला, नळ बदला. मी म्हणतो, काहीही बदलू नका. एक शिळा बसवा. ती कार्बन पिते आणि प्राणवायू सोडते!"

मागच्या रांगेत बसलेल्या बाईंनी कपाळाला हात लावला. त्या गल्लीतल्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि याच इमारतीत राहायच्या. शहरातला धूर कमी करायचा म्हणून पालिकेनं अख्ख्या गल्लीपुढे एक करार ठेवला होता. शाळेच्या छतावर सौर पॅनेल बसणार, कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीची वाया जाणारी उष्णता इमारतीचं पाणी तापवणार आणि तळघरातला तेलावरचा जुना बॉयलर मोडीत निघणार. तिघांनीही होकार दिला तरच काम सुरू होणार होतं. शाळा तयार होती, बेकरीवालाही तयार होता. घोडं अडलं होतं ते इमारतीपाशी.

शिळेची बाजू सगळ्यात हिरिरीनं मांडत होते खुद्द बाईंचे सासरे. जन्मभर बस चालवलेला करारी माणूस; पण सासूबाई दम्यानं गेल्या तेव्हापासून धूर म्हटलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पालिकेच्या कामाला वर्ष लागणार होतं. गुरू म्हणत होते, उद्यापासून धूर बंद! सासऱ्यांनीच आग्रह करून आठवड्यापूर्वी तळघरात एक शिळा आणून बसवली होती.

आज मात्र त्यांची खुर्ची रिकामी होती. डोकं ठणकतंय, मळमळतंय, जरा पडतो, असा त्यांचा निरोप होता.

"शुभलक्षण!" गुरू म्हणाले. "शिळा आतलं विष ओढून काढते आहे."

बाईंनी शेजारी बसलेल्या इमारतीच्या अध्यक्षांना विचारलं, "शिळेसाठी तळघरात आणखी काय केलंत?"

"काही नाही हो. हवेची भोकं तेवढी बुजवली. वारा लागला की शिळा झोपते म्हणे."

गुडघ्यांमुळे सासरे तळमजल्यावर राहायचे, बरोबर बॉयलरच्या डोक्यावर. गेला आठवडाभर बागेत गेले की त्यांचं डोकं उतरायचं, खोलीत आले की पुन्हा ठणकायचं. बाई उठल्या आणि धावत सुटल्या. मागोमाग सभेला आलेला बेकरीवाला.

दाराला आतून कडी होती.

"बाबा! अहो बाबा!"

आतून हूं की चूं नाही. बेकरीवाल्यानं दोनदा खांदा मारला, कडी उचकटली. सासरे पलंगावरून खाली पडले होते. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. बाईंनी श्वास रोखून खिडक्या उघडल्या आणि दोघांनी मिळून त्यांना फरफटत अंगणात आणलं. कुणीतरी बाहेरच्या खटक्यानं बॉयलर बंद केला. रुग्णवाहिका येईपर्यंत बाई त्यांचा हात हातात धरून एकच म्हणत होत्या, "बाबा, डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा."

"कार्बन मोनॉक्साइड," प्राणवायूचा मुखवटा बसवताना डॉक्टर म्हणाल्या. "ना रंग, ना वास. बॉयलरला हवा कमी पडली की हा तयार होतो. अजून थोडा उशीर झाला असता, तर माझ्या हातात काही उरलं नसतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभा पुन्हा भरली. गुरू आले, तेही लढाई जिंकून आल्यासारखे. "शिळा होती म्हणून म्हातारबाबा वाचले!"

आणि सभागृहात माना डोलल्या! बाई थक्क झाल्या. मरता मरता वाचलेला माणूस इस्पितळातून थेट येऊन पहिल्या रांगेत बसला होता, आणि लोक त्याच्या वाचण्याचंही श्रेय दगडाला देत होते.

त्या पुढे आल्या. "गुरुजी, कालचा चमत्कार पुन्हा करू. फक्त शिळेच्या जागी दुसरं काहीतरी ठेवू."

"अपवित्र वस्तू चौथऱ्याला चालत नाही!"

"बघू तरी," पहिल्या रांगेतून क्षीण आवाज आला. सासऱ्यांनी वाकून पायातली चप्पल काढली. "सूनबाई, ही घे."

गुरू पुढे झाले, पण बेकरीवाला मध्ये उभा राहिला. बाईंनी चप्पल चौथऱ्यावर तिरकी ठेवली, शेजारी धुमसता कागद ठेवला आणि बरणी उपडी घातली. धूर दाटला. त्यांनी पितळी कडं फिरवलं.

"चपले, जागी हो!"

बघता बघता बरणी लख्ख झाली. कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सभागृहभर हशा पिकला. सासरे हसले नाहीत. ते गुरूंकडे एकटक बघत होते.

बाईंनी बरणी पुठ्ठ्यानं झाकून सुलटी केली, शाळेतून आणलेली चुन्याची निवळी तीत ओतली आणि खळखळून हलवली. स्वच्छ पाणी दुधासारखं पांढरं झालं. "निवळी पांढरी झाली, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आहे तिथेच आहे. कुणी प्यायलं नाही." मग त्यांनी चौथरा उलटा केला. आत बॅटरी होती, आणि डास मारायच्या रॅकेटमध्ये असतं तसलं, पण त्याहून तगडं सर्किट. नक्षीत सुया लपवल्या होत्या. "विजेच्या जोरानं काजळीचे कण काचेला चिकटतात. धूर दिसेनासा होतो, वायू राहतो. आणि डोळ्यांना न दिसणाराच वायू काल बाबांच्या जिवावर उठला होता."

गुरूंनी दार गाठलं. पण अध्यक्ष तिथे आधीच पोहोचले होते. "थांबा. पोलीस येताहेत. भोकं बुजवायला तुम्हीच सांगितलं होतंत."

गलका शमला तेव्हा सासरे काठी टेकत उठले आणि पालिकेकडून सभेला आलेल्या तरुण इंजिनिअर मुलीसमोर जाऊन उभे राहिले.

"पोरी, याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि मरता मरता वाचलो. तुझी ही भट्टीची उष्णता तरी खरी कशावरून?"

"विश्वास ठेवूच नका, आजोबा," ती म्हणाली. "तेल किती जळत होतं, काम झाल्यावर किती वाचलं, सगळं मोजायचं. मीटर तुमच्या दारात बसेल. आकडे चुकले तर इथे, सगळ्यांसमोर, मला जाब विचारा."

"विचारीन. दर महिन्याला विचारीन," सासरे म्हणाले. मग सभेकडे वळून त्यांनी होकाराचा पहिला हात वर केला. "चांगलं काम असेल तर त्याला प्रश्नांची भीती वाटणार नाही. तुम्हीही विचारा. मग हात वर करा."

आणि लोक एकेक करून प्रश्न विचारू लागले.