आधीच्या पाच, नंतरच्या पाच

तिने कागद टेबलावर ठेवला, पण त्यावरचं बोट काढलं नाही.

"साहेब, ही एकच ओळ आहे."

"एकच मागितली होती," चौकशीचे साहेब म्हणाले. "शीतखोलीतलं तापमान सर्वांत जास्त कधी होतं आणि दार कुणी उघडलं. दोन चाळीस, अकरा अंश, भांडारकाकांचं कार्ड. अख्ख्या खोलीतल्या लसी वाया गेल्या. आता आणखी काय हवंय?"

भांडारकाका दाराशी उभे होते. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि संध्याकाळी किल्ल्या जमा करून घरी जायचा हुकूम झाला होता. जुडग्यातली एकेक किल्ली ते अंगठ्याने पुसत होते.

"मला अर्धा तास द्या."

"अहो, अर्ध्या तासाने कागद बदलणार आहे का?"

"कागद नाही बदलणार. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जाणार नाही, एवढंच."

साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसलेले देखभालप्रमुख हसले. "ताई आज फारच तापल्यात. यांचं तापमान नोंदवा कुणीतरी."

ती खाली आपल्या नोंदकक्षात आली. कान गरम झाले होते. आल्या आल्या तिने घाई केली. त्या ओळीच्या क्रमांकाच्या वरचे पाच आणि खालचे पाच क्रमांक मागितले. पडद्यावर भलत्याच खोल्यांची दारं उघडमीट करू लागली. चारही शीतखोल्यांच्या नोंदी एकाच तक्त्यात येत, जी आधी येईल ती आधी. क्रमांकाला क्रमांक लागून होता, पण घरं वेगळी होती.

तिने चष्मा पुसला आणि मागणी नव्याने लिहिली. फक्त ही खोली. घड्याळाप्रमाणे लावा. त्यात ती ओळ शोधा. मग आधीच्या पाच, नंतरच्या पाच.

एक चाळीस: शीतयंत्र बंद, देखभालप्रमुखांचं कार्ड. मग दर पंधरा मिनिटांनी पाच अंश, सहा, आठ, दहा. दोन चाळीसला भांडारकाकांनी दार उघडलं, तेव्हा अकरा. दोन बेचाळीसला यंत्र सुरू, तेही काकांच्याच कार्डाने. दोन त्रेचाळीसला दार बंद. पुढे अकरा, नऊ, सात.

ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.

साहेबांनी कागद वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. देखभालप्रमुख खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हां, तपासणीसाठी बंद केलं होतं. चालू करायचं राहिलं असेल." चहा निवला म्हणावं, तसं.

"आणि तुम्ही चौकशीला बसलात?" तिचा आवाज चढला.

"ताई, हे तुम्हाला मागितलं नव्हतं," साहेब म्हणाले.

"नव्हतं. मागायला हवं होतं."

साहेबांनी देखभालप्रमुखांना खुर्ची सोडायला सांगितलं, आणि दाराकडे न बघताच म्हणाले, "किल्ल्या राहू देत काकांकडे."

जिन्यात तिने काकांना गाठलं. "काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो की! विस्तव विझवायला गेलेल्याचेच हात काळे होतात, म्हटलं. तर म्हणाले, कागदावर तसं दिसत नाही." त्यांनी जुडगा खिशात टाकला. दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "ताई, एक विचारू? गेल्या साली औषधगाडीच्या चालकाला काढलं. गाडी तासभर उन्हात उभी ठेवली म्हणून. बिचारा शपथा घेत होता. त्याचाही कागद एका ओळीचाच होता का हो?"

ती कठड्याला धरून उभी राहिली. "बघते," एवढंच म्हणाली.

नोंदकक्षात येऊन तिने कपाटातली जुनी फाइल काढली. कागद सापडायला वेळ लागला नाही, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं होतं. मधोमध एक ओळ. खाली उजवीकडे 'माहिती बरोबर आहे' आणि तिची स्वतःची सही, नेहमीसारखी स्वच्छ.

आता तावातावाने जिना चढून जाब विचारावा, असं वर कुणी नव्हतं.

तिने खुर्ची पुढे ओढली. फक्त ही गाडी. घड्याळाप्रमाणे लावा. आधीच्या पाच, नंतरच्या पाच.