मुलाम्याची गोळी आणि मंद दारू

वर्ना आत्या आमच्या शाळेची बस चालवते, आणि रिव्हॉल्व्हर अशी चालवते की बघत राहावं. ओळीत उभ्या पोलादी थाळ्या पाडण्यात अख्ख्या सॅल्मन गावात तिचा हात धरणारं कोणी नाही. पण या हिवाळ्यात संधिवातामुळे तिच्या बोटांनी संप पुकारला. चाप ओढता येतो, काडतुसं बनवण्याचं बारीक काम जमत नाही. विकतची तिला नकोत. म्हणाली, घरची काडतुसं नसतील तर शनिवारी मी क्लबातल्या स्पर्धेला नाव देत नाही, आणि यापुढेही नाही.

मग मी म्हटलं, मी बनवते. सोळा वर्षांची आहे, रसायनशास्त्रात पहिली येते, अजून काय हवं?

दोन दिवसांत शंभर मॅग्नम, म्हणजे जादा जोराची, काडतुसं तयार. गोळ्या शिशाच्या, वर तांब्याचा पातळ मुलामा. दारू मंद जळणारी, खरा दणका देणारी. वजन पुस्तकात बघूनच घेतलं, फक्त ते पान जाड कवचाच्या गोळीचं होतं. काडतुसांची तोंडं गोळीभोवती करकचून आवळली, कारण मंद दारूला तसंच लागतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर गोठ्यामागे कागदावर झाडून पाहिली. भोकं गोल नव्हतीच. गोळ्या आडव्या होऊन शिरल्या होत्या, त्याही चहूकडे. कुंपणापलीकडून शेजारचे हार्लनकाका म्हणाले, "वर्ना, पोरगी काडतुसं करते की मक्याच्या लाह्या?" वर आत्याला सल्ला, की आता पुरे, मासे धर.

आत्यानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका काडतुसातली गोळी माझ्याकडून ठोकून बाहेर काढवली आणि भिंग माझ्या हातात दिलं. गोळीच्या कमरेभोवती चीर पडून आतलं करडं शिसं दिसत होतं.

"आवळून आवळून तिचा तांब्याचा सदरा फाडलास," ती म्हणाली. "उरलेला नळीतून एवढ्या वेगानं ढकलून सोललास."

मी लगेच उपाय काढला, की दारू निम्मी घालू. तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा कडक झाला.

"ही दारू अर्धपोटी ठेवायची नाही, टेसा. नीट पेटली नाही तर गोळी नळीतच अडकते. मागून दुसरी झाडलीस की रिव्हॉल्व्हर फुटते, आणि हातही जातो."

म्हणजे या गोळीचं आणि या दारूचं जमणारच नव्हतं. गोळ्या तर त्याच होत्या, तेव्हा दारू बदलायची. फळीवर सहा डबे होते. कोणता, ते आत्याला ठाऊक होतं, पण ती कॉफी पीत बसली. बोटानं दाखवलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. तिनं मला पाऊण तास शोधू दिलं, एकदाही घड्याळ न बघता. सरमिसळ नको म्हणून तिच्या टेबलावर एका वेळी एकच डबा असतो, तेव्हा आधी मंद दारू फळीवर परत गेली. मग मी गोळी बनवणाऱ्यांचंच पुस्तक काढलं. मुलाम्याची गोळी किती वेग सोसते ते त्यात चक्क लिहिलेलं होतं. मध्यम वेगानं जळणारी दारू निवडली, पुस्तकातल्या सगळ्यात कमी वजनापासून सुरुवात केली. पाच काडतुसं, मग किंचित वाढवून पाच. तोंड गोळीला टेकेल इतपतच वळवलं. शुक्रवारी दुपारी पाचही भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली गेली, आणि सगळी गोल. मी गोठ्याला दोन फेऱ्या मारल्या, धावत.

शनिवारी नेमबाजीच्या रेषेवर जाण्याआधी आत्यानं विचारलं, "काही शंका?"

"नाही," मी म्हटलं. आणि काडतुसांची पेटी तिच्या हातात ठेवली.

थाळ्या पडत गेल्या. एक सोडून सगळ्या. परत आल्यावर आत्या म्हणाली, "ती एक माझ्या मनगटाची चूक, तुझी नाही." दुसरा नंबर आला. बक्षीस घ्यायच्या आधी तिनं मे महिन्याच्या स्पर्धेला नाव देऊन टाकलं.

हार्लनकाका आले आणि तिला विचारू लागले, कोणती दारू वापरलीस.

"बनवणारीला विचार," आत्या म्हणाली.

मी सांगितलं. सदऱ्यापासून सुरू केलं, आकड्यांवर आले, भिंगही दाखवलं. वीस मिनिटांनी काका म्हणाले, की त्यांना फक्त डब्याचं नाव हवं होतं.