कल्पिताचा पहारा

काल्याच्या दिवशी वीणा माझ्या गळ्यात होती. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही; पहारा बदलला की ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. घेणारा आला नाही, तर देणाऱ्याने तसंच उभं राहायचं. आमच्याकडे तर काल्यानंतरची शेवटची पंगत उठेपर्यंत ती उतरत नाही. तेव्हा मुखी रामकृष्णहरी आणि डोळे मात्र, देवा क्षमा कर, कल्पिताच्या ड्रोनच्या पेटीवर.

कल्पिता माणगावची, ड्रोनने चित्रीकरण करणारी. तिला बोलवायची कल्पना माझीच. हंडी फुटताना बुवांवर आभाळातून फुलं पडावीत, ही माझी कितीतरी वर्षांची हौस. पुतण्या रितेश सप्ताह कमिटीत. त्याने दोरी ओढली की तळ उघडेल असा डबाही करून आणला.

“पोरी, ह्याच्या पोटावर नंबर कसला?”

“नोंदणीचा, काका. गाडीला असतो तसाच.”

“नि आभाळात जायला कुणाला इचारायचं?”

“आधी नकाशा बघायचा. तुमचं गाव हिरव्यात आहे, चारशे फुटांपर्यंत चालतं. लाल असतं तर पेटी उघडलीच नसती.”

एकेक पातं ती नखाने तपासत होती. मग चिमूटभर सुकं गवत उडवून तिने खाडीकडचा वारा पाहिला.

“वारा वाढला तर?”

“तर तुमच्या बुवांचं कीर्तन ऐकायचं नि घरी जायचं!”

रितेश डबा घेऊन आला. “ताई, हा खाली बांधा.”

“दादा, फोनवरच सांगितलं होतं. माणसांच्या डोक्यावरून उडवायचा नाही. नि माझी परवानगी फक्त शूटिंगची आहे, वरून काही टाकायची नाही.”

“अवो, फुलं हायत, दगड न्हायत!”

“फुलं हलकी, पण ड्रोन हलका नाही. डब्याची दोरी पात्यात अडकली तर तो ह्या आज्यांच्या डोक्यावर येईल.”

माझं मन खट्टू झालं.

कीर्तन रंगलं. काल्यासाठी बुवा अंगणातल्या हंडीखाली आले, त्यांच्यामागे वीणा घेऊन मी. कल्पिताने शेताच्या बांधावरून ड्रोन उडवला आणि मोकळ्या शेतावर उंच धरला. मान वर, अंगठे रिमोटवर. कुणी खुर्ची दिली, तिकडे तिने पाहिलंही नाही.

एवढ्यात रितेशने माईक घेतला. “आता माणगावच्या ताई पुष्पवृष्टी करणार! त्याआधी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार!” टाळ्या पडल्या. माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, “सत्कार घेतल्यावर न्हाय कशी म्हनंल?”

“दादा, नंतर,” ती वर बघतच म्हणाली.

“एक मिनिट तर लागंल! रिमोट आमच्या राहुलकडं द्या. दिवसभर मोबाईलवर गेमच तर खेळतो.”

“केवढा माज पोरीला,” कुणीतरी पुटपुटलं. बुवा थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हौस माझी होती आणि वीणेकऱ्याचा शब्द कुणी मोडत नाही. ‘घे पोरी’ एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण तिच्या डोळ्यांतून उन्हाने पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिचा हात हलत नव्हता.

“रित्या,” मी म्हणालो, “ही वीणा जरा त्या खुर्चीवर ठेव. मी च्या पिऊन येतो.”

“काय बोलता काका! वीणा खाली?”

“मग तिला का सांगतोस?”

रितेश नारळ हातात धरून उभाच राहिला. आवडाबाई, आमच्या गावची सर्वांत खणखणीत म्हातारी, पुढे झाली. “आन इकडं ती फुलं! आमचं हात मोडलं काय?”

बायका देवळाच्या ओट्यावर चढल्या. हंडी फुटली आणि त्यांनी ओंजळीच्या ओंजळी झेंडू वर उधळला. अर्धा बुवांवर, अर्धा मृदंगावर. एक फूल माझ्या तोंडात.

ड्रोन उतरला. पाती थांबली तशी कल्पिताने शूटिंग एकदा पडद्यावर पाहिलं, पेटी बंद केली, हातपाय धुतले आणि वीणेला हात जोडले.

“द्या काका. केव्हाचे उभे आहात.”

मी वीणा तिच्या गळ्यात घातली. चहाकडे निघालो खरा, पण राहवेना.

“वरनं फुलं पडताना कशी दिसली गं?”

तिने तार छेडली. “पडताना नाही दिसली, काका. वर येताना दिसली.”