माझ्या डोळ्यांभोवतीच्या गोचिडी

मी माणच्या माळावरचा एक म्हातारा तित्तर आहे. मला तुरा नाही, पिसारा नाही. अंगाचा रंग वाळक्या गवतासारखा. मित्रांनो, सकाळी दहिवडीच्या रस्त्यानं जाताना बोरीच्या जाळीतून आमची हाक तुम्ही ऐकली असेल, पण आम्ही तुम्हाला क्वचितच दिसलो असू.

अंड्यातून बाहेर आलो आणि अंग वाळताच मी आईमागं पळू लागलो. आम्ही उडतो कमी, चालतो जास्त. वाळवी, गवताचं बी, शेणातले किडे, सगळं खाणं जमिनीवरच. म्हणून गोचिडी आम्हाला लवकर गाठतात. त्यांची पिल्लं राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक असतात. ती गवताच्या शेंड्यावर बसून राहतात आणि आम्ही घासून गेलो की चिकटतात. पंखाखालची गोचीड मी चोचीनं काढतो. डोळ्याभोवतीची आणि कानामागची कशी काढणार? ती काही दिवस रक्त पिते, टम्म फुगते आणि गळून पडते. कुठे पडते, याचा विचार मी कधीच केला नव्हता.

तो मला एकोणीसशे पंचाहत्तर साली करावा लागला.

त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. आमच्या माळाला लागून बनुबाईंचा मेंढरांचा वाडा होता, म्हणजे बाभळीच्या काट्यांचं एक कुंपण. बनुबाईंचे यजमान आकाराम मुंबईला गिरणीत होते. मेंढरं बनुबाई आणि त्यांचे दीर नाथाजी सांभाळत. मेंढरं चरायला गेली की मी कुंपणातून आत शिरे आणि लेंड्या उकरून किडे टिपे.

भाद्रपदात मेंढरांनी चारा सोडला. त्यांच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या. दोन मेंढ्या मेल्या. त्यातली एक नाथाजीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली होती. तिला पुरून आल्यावर त्यानं वाड्यात पाखरांसाठी फास लावला.

दुसऱ्या दिवशी मी त्या फासात अडकलो. नाथाजीनं मला उचललं आणि माझं डोकं वळवून पाहिलं.

"वैनी, हिकडं या. ह्याच्या डोळ्याला गोचिडीच गोचिडी हायती. ह्योच आणतोय रोग. ह्याची मान मुरगाळतो आन् सगळा माळ पेटवून देतो."

माळावरच्या गवतात माझी तित्तरी सात अंड्यांवर बसली होती.

बनुबाई जवळ आल्या. त्यांनीही माझं डोकं नीट पाहिलं. "थांबा भावजी," त्या म्हणाल्या. "आधी डाक्टरला दावू. मग काय करायचं ते करा."

पाटीत घालून, वर फडकं बांधून त्यांनी मला दहिवडीला नेलं. नाथाजीही आला. गुरांचे डॉक्टर रहिमान शेख होते. त्यांनी चिमट्यानं एकेक गोचीड हळूच उपटली आणि बाटलीत टाकली. अकरा निघाल्या. मग त्यांनी भिंग धरून त्या दोघांना दाखवल्या.

"ही पिल्लं आहेत. लहानपणी पाखरावर वाढतात, मोठी झाली की मेंढराला धरतात."

"म्हंजे ह्योच आणतो न्हवं?" नाथाजीनं विचारलं.

"आणतो की. पण मेंढरावरची मोठी गोचीड गळून गवतात अंडी घालते. त्यातली पिल्लं यानं उचलली. तुमच्या मेंढराकडून याच्याकडं, याच्याकडून परत तुमच्याकडं."

नाथाजीनं बाटलीतल्या गोचिडी पुन्हा निरखून पाहिल्या. पाटीत मी सगळं ऐकत होतो. त्याच्या मेलेल्या मेंढीच्या अंगावरची एखादी गोचीड माझंच रक्त पिऊन मोठी झाली असेल, हे मला तेव्हा कळलं.

"माळ पेटवला तर?" बनुबाईंनी विचारलं.

"मग मेंढरं काय खातील? औषध देतो, त्यानं सगळी मेंढरं धुवा. वाडा दुसरीकडं हलवा. रोज कान बघा, शेपटीखाली बघा."

"आन् ह्याला सोडला तर ह्यो परत गोचिडी गोळा करंल," नाथाजी म्हणाला.

"करेल."

बनुबाईंनी पाटीचं फडकं सारखं केलं. "करू दे. ते पाखरू हाय, त्याला हात न्हाईत. आपल्याला हायती."

संध्याकाळच्या आत त्यांनी मला माळावर सोडलं. पुढचे पंधरा दिवस वहिनी-दीर मेंढरं धुण्यात आणि नवा वाडा घालण्यात गुंतले. आणखी एक मेंढी गेली. बाकीची हळूहळू चारा खाऊ लागली.

आमची पाच पिल्लं निघाली. आठवडाभरातच सगळ्यात लहान पिल्लाच्या पापणीवर गोचीड फुगली आणि त्याचा डोळा मिटला. त्या बाजूचं त्याला काही दिसेना. एका सकाळी नाथाजी मेंढरं घेऊन आला, तेव्हा बाकीची पिल्लं गवतात दडली. हे मात्र त्याच्या पायाशी जाऊन धडकलं.

नाथाजी खाली बसला. त्यानं पिल्लू ओंजळीत घेतलं. मी जाळीतून ओरडत होतो, पण त्यानं वर पाहिलं नाही. पटक्याचं टोक बोटांना गुंडाळून त्यानं गोचीड सावकाश ओढून काढली आणि दगडावर दगडानंच चिरडली.

"तुला बी सोडलं न्हाई व्हय रं," तो पिल्लाला म्हणाला आणि त्यानं ते जाळीच्या तोंडाशी ठेवलं.

डोळा उघडायला तीन दिवस लागले.

मित्रांनो, मी गोचिडी वाहून नेतो, हे मी नाकारत नाही. ते ओझं मी मागून घेतलेलं नाही आणि मला ते उतरवताही येत नाही. माळावर मी दिसलो तर मला हात लावू नका, लांबूनच पाहा. पण माझ्यावर दगड उगारण्याआधी घरी जा आणि आपल्या मेंढराचा कान एकदा उलटून बघा.