मस्कत ते मुंबई, तीन मिनिटं कमी दोन तास

मी नववीत भूगोलात वर्गात पहिली आले आणि त्याच आठवड्यात अण्णांनी अंथरूण धरलं. बन्सीदादा तेव्हा मस्कतला वेल्डर होता. जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"त्याला तार करू या," आई म्हणाली.

"किती लांब आहे गं ते, हंसे?" अण्णांनी मलाच विचारलं. "तू पहिली ना?"

झालं! मी ॲटलास उघडला. दोऱ्याचं एक टोक मस्कतवर, दुसरं मुंबईवर, मग दोरा पट्टीवर. तीन पूर्णांक नऊ सेंटिमीटर. एका सेंटिमीटरला चारशे किलोमीटर, म्हणजे पंधराशे साठ. विमान तासाला आठशे जातं, हे सरांनीच सांगितलेलं.

"तीन मिनिटं कमी दोन तास, अण्णा!"

अण्णा कितीतरी दिवसांनी हसले. "अगं, मला इथून मासवणला जायला याहून जास्त वेळ लागतो! पोरगा शेजारच्या आळीतच आहे की."

"तरी पण..." आई म्हणाली.

"नव्या नोकरीत खाडा कशाला? लागलं तर बोलावू. सकाळी तार, संध्याकाळी पोरगा दारात. काय मास्तरीणबाई?"

"हो!" मी म्हटलं. केवढ्या जोरात म्हटलं.

अकरा दिवसांनी त्यांच्या खोकल्यातून रक्त आलं. मी सरावलीहून बोईसरच्या तार ऑफिसात पळत गेले. तो दिवस गेला, दुसराही गेला. शेजारच्या रत्नाबाई म्हणाल्या, "काय गं, तुझं विमान बैलं ओढतात का?" तिसऱ्या दिवशी दादाची तार आली. पासपोर्ट कंपनीकडे, प्रयत्न करतोय.

पासपोर्ट माणसाकडे नसतो, हे मला कुठे माहीत होतं?

चौथ्या दिवशी दिवेलागणीला अण्णांनी विचारलं, "निघाला?"

"विमानात बसला, अण्णा."

मग ते दाराकडे बघत राहिले. पाणीसुद्धा नको म्हणाले. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होते. नऊच्या सुमारास त्यांचा श्वास थांबला, मान दाराकडेच होती.

अग्नी शेजारच्या देवूकाकांनी दिला. दादा तीन दिवसांनी आला. बॅग खांद्यावरच होती.

"आधी का नाही कळवलंत?"

"त्यांनीच नको म्हटलं," आई पटकन म्हणाली.

"माझ्यामुळे म्हटलं," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. दोन तासांचं. विमानात बसलास म्हणून सांगितलं, तेही.

दादा बॅग ठेवून खाली बसला. "कपाटाची किल्ली साहेबाकडे, साहेब दुसऱ्या गावाला. मी रोज त्या कपाटासमोर जाऊन बसायचो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे मी येतोय असं वाटतच गेले ते?"

"हो."

"बरं केलंस."

तो तोंड धुवायला मोरीत गेला. नळ कितीतरी वेळ वाहत राहिला. थेंबभर पाणी वाया गेलेलं न चालणारी माझी आई तो बंद करायला उठली नाही.